कुशाबाईचे तीन वाचक

कुशाबाई कोकरेला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कागद तपासावा तो कुशाबाईनंच. शाळेतून आलेली एवढीशी चिठ्ठी असो की रेशन दुकानदारानं दिलेली पावती, तिघांकडून वाचून घेतल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येत नसे. ती तिघंही वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या जागी, आणि एकाची खबर दुसऱ्याला लागू न देता. पहिल्यानं काय वाचलं हे दुसऱ्याला सांगायची तर बातच नको. उलट "काय की बया, रस्त्यात घावला म्हून उचलून आनला" असा आव आणून ती कागद पुढं करायची आणि वाचणाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसायची. वाचणाऱ्याचे डोळे ओळीवरून मागं आले तरी तिच्या मनात पाल चुकचुकायची.

पहिला वाचक सर्जेराव गिरणीवाला. दुसरी छबूबाई, वाडीतल्या अंगणवाडीची बाई. तिसरा अंथुर्ण्याच्या बाजारात झाडाखाली मशीन मांडून बसणारा म्हातारा शिंपी. तिघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणूनच तर ती तिघं निवडलेली. तिघांचं जुळलं तर कागद खरा. नाही जुळलं तर चुलीत.

ही खोड काही जन्माची नव्हती. कोकऱ्यांची पूर्वी मेंढरं होती. कालव्याचं पाणी फिरलं, माळावर ऊस उभा राहिला, चरायला रान उरलं नाही, तेव्हा सासऱ्यानं मेंढरं विकली आणि सगळं घर शेतीला लागलं. पुढं कुशाबाईचा नवरा पान लागून, साप चावून गेला आणि वर्ष व्हायच्या आत थोरला दीर तिला इंदापूरला घेऊन गेला. विहिरीवर वीज घ्यायची आहे, सगळ्या हिस्सेदारांचे अंगठे लागतात, असं म्हणाला. ऑफिसात जायच्या आधी त्यानं तिला हाटेलात बसवून जिलबी खाऊ घातली. तेरा वर्षांच्या संसारात दिरानं तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. जिलबी खाताना तिला भरून आलं होतं, आणि त्याच भरात तिनं दोन ठिकाणी अंगठा उठवला. तो कागद विजेचा नव्हता. त्यावर तिनं कालव्याकडेच्या रानातला आपला सगळा हिस्सा सोडून दिला होता.

तेव्हा सारजा दोन वर्षांची होती, अंगावर पीत होती. त्या दिवसापासून कुशाबाईच्या मनात एकच गोष्ट पक्की बसली. या पोरीचा अंगठा कधी कुठं उमटू द्यायचा नाही. पोरगी दहावी झाली पाहिजे, तिनं कागद स्वतः वाचला पाहिजे आणि मनाला आला तर खाली सही केली पाहिजे, नाहीतर फेकून दिला पाहिजे. माळावरचं एक तुकडं रान, चार शेळ्या आणि लोकांच्या बांधावरची खुरपणी यावर तिनं पोरगी दहावीपर्यंत आणली ती एवढ्यासाठी.

पण गंमत बघा, तीच पोरगी चौथीपासून घडाघडा वाचत होती आणि कुशाबाईनं तिला एक कागद कधी वाचू दिला नाही. "आये, दे की, मी वाचते," असं सारजा म्हणाली की ही फटकारायची, "तू गप. घरचंच मानूस आंगठा घेऊन गेलतं." पोरीनं दोन-तीन वर्षं मागून बघितलं, मग मागायचं सोडून दिलं.

हायस्कूल शेजारच्या गावात, तीन मैलांवर. शहाण्णव साली मुलींना एस्टीचा पास फुकट झाला. वाडीतल्या बाकी पोरी पंधरा दिवसांत एस्टीनं जायला लागल्या. सारजा मात्र ऑगस्टपर्यंत चालत होती, कारण पासाच्या अर्जावर पालकाचा अंगठा लागत होता आणि कुशाबाईचं म्हणणं असं की एस्टीवाले काही आपले सोयरे नाहीत, ते फुकट कशापायी नेतील? शिंपी गावाला गेला होता, तिसरं वाचन अडलं होतं. पुस्तकपेढीतली पुस्तकं आली तेव्हा तिनं पानं मोजून घेतली, उद्या फाटली म्हणतील आणि दाखला अडवतील म्हणून. शाळेत डॉक्टर तपासायला आले तर ही दारात उभी राहिली आणि रक्त कशाला काढता, ते कुठं नेता, हे त्यांना तीन वेळा विचारलं. डॉक्टरानं शेवटी सारजाला न टोचताच सोडलं.

शाळेला हे सगळं माहीत होतं. शिपाई झुंबर तर तिला लांबून बघितलं की हेडसरांना वर्दी द्यायला आत पळायचा.

त्या वर्षी सहामाही परीक्षा झाली आणि आठवडाभरात वर्गशिक्षिका दराडे बाई सायकलवरून वाडीत आल्या. वय असेल तिशीच्या आतबाहेर, गणित शिकवायच्या. कुशाबाई बाजरीची कणसं मोडत बसली होती, ती उठली नाही.

"सारजाला सकाळी सातला पाठवाल का? मी दोन तास जादा घेते. तिला गणितात मदतीची गरज आहे."

"फी?"

"फी नाही हो. शाळेतच घेते."

कुशाबाईच्या मनात लगेच पाल चुकचुकली. दुसऱ्याच्या पोरीसाठी कोणी तीन मैल सायकल मारत येतं काय? आणि तेही फुकट! तिनं बाईंना अर्धा कप चहा दिला आणि त्या पिईपर्यंत त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. जाताना बाई दारात थांबल्या, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आणखी एक. शाळेतून तुम्हाला बोलावणं येईल. कुठल्याही कागदावर घाईनं अंगठा देऊ नका."

झालं. आता कुशाबाईची खात्रीच पटली. जी बाई आपल्याच शाळेच्या कागदावर अंगठा देऊ नका म्हणते, तिचा काहीतरी डाव असणारच. दोन दिवसांत तिनं एस्टीच्या कंडक्टरकडून, भाजीवालीकडून आणि झुंबरच्या बायकोकडून बाईंची सगळी माहिती काढली. बाई बारामतीच्या. आईवडील तिथंच. आणि लग्नाचा एक धाकटा भाऊ घरात आहे.

"बगा!" कुशाबाई शेळीला म्हणाली, कारण तेव्हा जवळ दुसरं कोणी नव्हतं. "भाऊ हाय म्हन लग्नाचा. माज्या पोरीवर डोळा हाय."

गणितात मदतीची गरज, हा शब्द मात्र तिच्या कानात राहिला होता. त्या संध्याकाळी तिनं सारजाला विचारलं, "सामाहीत काय झालं?"

"पास झाले."

"पुस्तक कुठं हाय मार्काचं?"

"दिवाळीनंतर वाटणार हायत."

कुशाबाई एवढ्यावर थांबणारी नव्हती. तिनं वर्गातल्या आणखी तीन पोरींना, तिघींना वेगवेगळं गाठून विचारलं. तिघींनी एकच सांगितलं, दिवाळीनंतर. तिघांचं जुळलं म्हटल्यावर विषय संपला.

बोलावणं शुक्रवारी आलं. झुंबर स्वतः वाडीत आला, हेही नवलच. कुशाबाई शाळेत गेली. ऑफिसच्या भिंतीवर निळा फळा होता, त्यावर पांढऱ्या रंगात गेल्या पाच वर्षांचे दहावीचे निकाल लिहिलेले. खालच्या तीन ओळींत तोच आकडा तीनदा होता. तिला वाचता येत नसलं तरी आकडे कळत. शंभर, शंभर, शंभर.

"या, या. बसा," हेडसर म्हणाले. "झुंबर, चहा सांग."

पाच वर्षांत या ऑफिसात तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. पासासाठी आली तेव्हा दीड तास दारात उभी केली होती. खुर्ची आली आणि कपबशीतून चहा आला, तशी कुशाबाईच्या तोंडाला जिलबीची चव आली. तिनं चहा टेबलावर तसाच ठेवला.

हेडसरांचा आवाज गोड होता, तुपात घोळून काढल्यासारखा. "काळजीचं काही नाही. सारजाची हजेरी कमी भरतेय. बोर्डाचा नियम आहे, शंभर दिवसांतले पंचाहत्तर दिवस मूल शाळेत पाहिजे. तिची सहासष्टच होतेय. आता हजेरी माफ करून घ्यायची तर पालकाचा अर्ज लागतो. आम्ही अर्ज तयार ठेवलाय. तुम्ही फक्त इथं अंगठा द्या."

"माफ न्हाय झाली तर?"

"तर फॉर्म भरता येणार नाही. वर्ष जाईल पोरीचं."

श्रावणात कुशाबाईला हिवताप आला होता, अठरा दिवस सारजा घरी राहून शेळ्या आणि चूल बघत होती. म्हणजे गोष्ट खरी असू शकत होती. हेडसरांनी शाईचा पॅड उघडून पुढं सरकवला. तो पॅड बघितला आणि तिचा हात आपोआप पदराखाली गेला.

"घरनं आनते उठवून," ती म्हणाली.

"अहो, पॅड इथं आहे, अंगठा इथं आहे, घरी काय आहे?"

"देव हाय. देवाला इचारल्याबिगर मी काय करत न्हाय," असं ठोकून देत तिनं कागद उचलला आणि घडी घालून पोलक्यात टाकला. एका बाईच्या पोलक्यातला कागद मागायचा कसा हे हेडसरांना सुचलं नाही. ते एवढंच म्हणाले, "सोमवारी सकाळी दहाच्या आत पाहिजे. त्यानंतर माझ्या हातात काही नाही."

शनिवारी सकाळी ती गिरणीवर गेली. सर्जेराव यंदाच शाळेच्या समितीवर गेला होता, ते कुशाबाईला माहीत होतं आणि तिला ते बरंच वाटलं होतं. बारा वर्षं हा माणूस तिचे कागद वाचत होता, एकदाही चुकला नव्हता. त्यानं पिठाचे हात झटकले, कागद लांब धरला.

"हजेरी माफ करा असा अर्ज हाय, वैनी. देऊन टाका आंगठा. पोरीचं भलं हाय त्यात."

त्यानं वाचलं ते हेडसरांच्या बोलण्याशी बरोबर जुळलं. कुशाबाईला बरं वाटलं. पण "पोरीचं भलं" हे कागदात लिहिलेलं होतं की सर्जेरावनं पदरचं घातलं, एवढं तिच्या मनात राहून गेलं.

दुपारी ती अंगणवाडीत गेली. छबूबाई अडखळत वाचायची, एकेक शब्द बोटानं दाबत. वाचता वाचता तिचं बोट थांबलं. "कुशाक्का, ह्यो तर दाखला मागायचा अर्ज हाय. शाळा सोडल्याचा दाखला द्या, असं लिवलंय. तुमच्या नावानं."

"नीट वाच."

"नीटच वाचलंय. हजेरीचं काय बी न्हाय ह्येच्यात."

कुशाबाईनं कागद हिसकावून घेतला. बारा वर्षांत तिघांचं न जुळण्याची वेळ दोनदा आली होती, पण इतकं उलट कधी पडलं नव्हतं. आता खोटं कोण? सर्जेराव बारा वर्षांचा माणूस. छबूबाई तीनच वर्षांपूर्वी, आधीची अंगणवाडीची बाई गेल्यावर आलेली, आणि छबूबाईची बहीण कुठं दिलेली? थोरल्या दिराच्या मेव्हण्याला. म्हणजे सूत तिकडंच जातंय. छबूबाईनं खोटं सांगायचं, आपण अंगठा द्यायचा नाही, हजेरी माफ व्हायची नाही, आणि पोरीचं वर्ष बुडायचं. दिराला आणखी काय पाहिजे?

पण छबूबाई खरं बोलत असली तर? अंगठा दिला तर पोरगी शाळेतून बाहेर. नाही दिला तर फॉर्म नाही, म्हणजे पुन्हा पोरगी बाहेरच. एरवी अशा वेळी शिंप्याचं तिसरं तोंड कामाला यायचं. पण शिंपी बाजाराच्या दिवशीच यायचा आणि बाजाराला अजून चार दिवस होते. तो राहतो कुठं हे कुशाबाईला ठाऊक नव्हतं, कारण तिनंच कधी विचारलं नव्हतं. ओळख वाढली की माणूस बिघडतो, असा तिचा हिशेब.

रविवारी दुपारपर्यंत तिनं सगळी वाडी डोळ्यांपुढून फिरवली. ज्याला वाचता येत होतं तो एकतर सर्जेरावच्या उठबशीतला होता, नाहीतर दिराच्या भावकीतला. शेवटी तिची नजर अंगणात गेली. सारजा शेळ्यांपुढं पाला टाकत होती. कुशाबाई तिच्याकडं कितीतरी वेळ बघत राहिली. मग पोलक्यातून कागद काढला.

"सारजे, हिकडं ये. हे वाच."

सारजाला आधी कळलंच नाही. तिनं आईकडं बघितलं, मग कागदाकडं. हात परकराला पुसून तिनं तो घेतला. पहिली ओळ मनात वाचली असावी, कारण तिचं तोंड एकदम उतरलं.

"मोट्यानं वाच," कुशाबाई म्हणाली. तिची नजर पोरीच्या डोळ्यांवर खिळलेली होती.

सारजा वाचायला लागली. "मुख्याध्यापक यांस. मी, कुशाबाई कोकरे, अर्ज करते की माझी मुलगी सारजा आपल्या शाळेत इयत्ता दहावीत शिकत आहे. घरगुती अडचणीमुळे तिला शाळेत पाठवणे मला शक्य नाही. तरी तिला शाळा सोडल्याचा दाखला द्यावा. तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसवण्यास माझी संमती आहे."

इथं ती थांबली. कागदाच्या खालच्या बाजूला आणखी दोन ओळी होत्या. कुशाबाईला त्या दिसत होत्या, पण आकडेही अक्षरांतच लिहिलेले, त्यामुळं त्यात काय आहे ते फक्त सारजाला माहीत होतं. तिथंच संपलं म्हणाली असती तर जगात कुणाला कळणार नव्हतं.

"अजून हाय," सारजा म्हणाली. "मुलीचे सहामाही परीक्षेतील गुण पुढीलप्रमाणे. गणित, अकरा. इंग्रजी, चौदा. दोन्ही विषयांत नापास."

कुशाबाईचा हात वर गेला. सारजानं चुकवलं नाही, ती तशीच उभी राहिली आणि मग सगळं भडाभडा बोलून गेली. मार्कांचं पुस्तक कधीच वाटलं होतं. ते तिनं ज्वारीच्या कणगीत दडवून ठेवलं होतं. आई तिघींना विचारणार हे ठाऊक होतं, म्हणून तिघींना आधीच पढवून ठेवलं होतं. आणि हेडसरांनी तिला बोलावून सांगितलं होतं की या कागदावर आईचा अंगठा झाला की मार्कांचं घरी काही कळणार नाही, ते बघून घेतील. बाहेरून बसलेलं पोर नापास झालं तरी शाळेच्या निकालात धरत नाहीत. गेल्या दोन वर्षांत वाडीतल्या दोघी सतरा नंबरनं बसवल्या होत्या. त्यांची नावं पटावरून गेली, शाळेत कुणी पाऊल टाकू देईना, आणि परीक्षेआधीच दोघींची लग्नं उरकली.

वर गेलेला हात कुशाबाईनं खाली घेतला. तिला राग आला होता, आणि त्याहून जास्त ती चक्रावली होती. दिरानं वाचलं ते दिराच्या फायद्याचं. सर्जेरावनं वाचलं ते शाळेच्या फायद्याचं. आणि या पोरीनं वाचलं ते तिच्याच अंगावर येणारं, एक शब्द न गाळता. असं वाचणारं माणूस तिनं आजवर बघितलं नव्हतं.

"पुन्ना वाच," ती म्हणाली.

सारजानं पुन्हा वाचलं. अकरा आणि चौदा दुसऱ्यांदाही तसेच आले.

सोमवारी सकाळी दोघी एस्टीनं गेल्या. हेडसरांनी या, बसा केलं आणि कागदासाठी हात पुढं केला. कुशाबाईनं कागद सारजाच्या हातात दिला.

"पोरगी वाचंल. तुमी ऐका," ती म्हणाली. "वाच गं."

पहिली दोन वाक्यं होईपर्यंत हेडसर हसत होते. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "हे बघा, यात तिचंच भलं आहे. नापास होऊन घरी बसण्यापेक्षा..."

"भलं हाय तर मंग हजेरी कशापायी म्हनला? तोंडानं सांगायचं हुतं, पोरगी कच्ची हाय, शाळेला नगं हाय."

"हजेरीही कमीच आहे तिची. नियम नियम असतो."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "अठ्ठ्याहत्तर आहे, सर." दराडे बाई हजेरीचा कॅटलॉग छातीशी धरून उभ्या होत्या. "दहावी 'ब'ची हजेरी मीच मांडते. आईच्या आजारपणातले अठरा दिवस गैरहजर धरूनसुद्धा अठ्ठ्याहत्तर भरते."

हेडसरांनी बाईंकडं ज्या नजरेनं बघितलं, ती बघून झुंबर हळूच बाहेर सटकला. बाईंनी कॅटलॉग उघडून टेबलावर ठेवला. कुशाबाईनं ते बघितलं, आणि तरीसुद्धा तिच्या मनात आलंच, ही बाई एवढं कशापायी करते?

"उद्या नापास झाली तर?" हेडसरांचा आवाज आता गोड राहिला नव्हता. "साठ पोरांचा निकाल एका पोरीपायी खाली आणायचा?"

"झाली तर झाली," कुशाबाई म्हणाली. "पर नापास व्हायची तर तुमच्या शाळेतनं हूं द्या. मुकाट बाहीर काडून न्हाय."

त्या दिवशी सारजाचा बोर्डाचा फॉर्म भरला गेला. तो सारजानं आईला सगळा वाचून दाखवला, अगदी खालच्या बारीक अक्षरांतल्या सूचनांसकट, आणि खाली स्वतःची सही केली. कुशाबाई तो फॉर्म घेऊन ना गिरणीवर गेली ना अंगणवाडीत.

दिवाळीनंतर सकाळचे तास सुरू झाले. पहिले आठ दिवस कुशाबाई पोरीबरोबर आली आणि वर्गाबाहेर ओट्यावर बसून राहिली, बाई नक्की करतात काय ते बघायला. बाई गणित शिकवत होत्या. दुसरं काहीच करत नव्हत्या. नवव्या दिवशी ती आली नाही. फेब्रुवारीत बाईंनी भावाच्या लग्नाची पत्रिका दिली. नवरी फलटणकडची होती. सारजानं ती वाचून दाखवली तेव्हा कुशाबाई जरा ओशाळली, पण कबूल काही केलं नाही. पुढच्या वेळी बाई वाडीत आल्या तेव्हा कप काठोकाठ भरलेला होता.

जूनमध्ये निकाल लागला. त्या साठ पोरांत एकच नापास, सारजा. इंग्रजीत सुटली, गणितात सहा मार्कांनी राहिली. शाळेच्या निळ्या फळ्यावर त्या वर्षी अठ्ठ्याण्णव लिहावं लागलं, आणि ते लिहिताना हेडसर शेजारी उभे होते असं झुंबर सांगत फिरला.

ही बातमी घेऊन सगळ्यांआधी सर्जेराव आला. त्या शनिवारपासून तो कुशाबाईच्या दारात फिरकला नव्हता. आता गिरणीतलं गिऱ्हाईक सोडून आला आणि ओट्यावर टेकला.

"वैनी, ह्यात काळंबेरं हाय," तो आवाज खाली करून म्हणाला. "सहाच मार्कं? साठातली तुमचीच पोरगी? हेडसरनं वरती सांगितलं असनार. तुमी पेपर पुन्ना तपासायला टाका. मी अर्ज लिवून देतो."

कुशाबाईचे डोळे बारीक झाले. हे तिला पटणारं होतं. किंबहुना सर्जेराव बोलायच्या आधीच तिच्या मनात ते येऊन बसलं होतं. हेडसरांची ती नजर, तो फळा, आणि आता हे सहा मार्क. सगळं एका दोरीत बसत होतं. ती उठली, पदर खोचला, वहाणा घालायला घेतल्या. आज शाळेत जाऊन ती हेडसरांना सगळ्या गावापुढं विचारणार होती.

"आये," सारजा दारात आली. रडून तिचे डोळे सुजले होते. "कुनी काय केलं न्हाय. भूमितीचा पेपर मला आलाच नव्हता. तीन गणितं कोरी सोडली. बाहीर आले तवाच मला कळलं हुतं मी राह्यनार म्हून."

"अगं, तुला काय ठावं," सर्जेराव म्हणाला, "ही मोटी मानसं..."

"मला ठावं हाय. पेपर मी लिवलाय."

कुशाबाई एक वहाण पायात आणि एक हातात अशी उभी राहिली. हेडसरांनी मार्क कापले हे तिला हवं होतं. तसं झालं असतं तर भांडायला कुणीतरी मिळालं असतं आणि पोरगी पास असल्याचं समाधान उरलं असतं. सारजानं सांगितलं त्यात काहीच उरत नव्हतं. तिनं पोरीच्या तोंडाकडं बघितलं, नेहमीसारखं, कुठं डोळे चुकवते का, कुठं अडखळते का. सारजा रडत होती, पण बघत तिच्याकडंच होती.

"सर्जेराव," कुशाबाई म्हणाली, "पोरीला गनित आलं न्हाय. ती म्हनती न्हाय आलं, म्हंजी न्हाय आलं."

एवढं बोलून तिच्या डोळ्यांना पाणी आलं. सर्जेराव बसला होता तरी तिनं ते पुसलं नाही. थोड्या वेळानं तो उठून गेला. कुशाबाईनं पायातली वहाण काढली, सारजाजवळ खाली बसली आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो ते तिला विचारलं.